आप्पा, काही दाबलंत का?

“हलका हाय म्हणून घेतला,” आप्पा म्हणाले आणि लॅपटॉप माझ्या तळहातावर ठेवून माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. “उचलून तर बग. ताट उचलल्यागत वाटतंय का न्हाय?”

हलका होता खरा. मी तो उलटा करून खालचं बारीक अक्षरातलं लेबल वाचलं आणि कपाळाला हात लावला. मेमरी जेमतेम, साठवायला जागा त्याहून जेमतेम. पिक्चर बघायला आणि पत्रं लिहायला करतात तसला तो लॅपटॉप होता.

“आप्पा, घ्यायच्या आधी मला एक फोन करायचा होता.”

“केला आसता. पण तू म्हणाला आसतास, आप्पा तुम्हाला कशाला पायजे लॅपटॉप.”

मी हेच म्हणालो असतो.

“दुकानातले सगळे उचलून बगितले ह्यांनी,” आई आतून म्हणाली. “कलिंगडं बगत्यात तसं. दुकानदार नुसता हसत हुता.”

“हसू दे. त्याला थोडाच खांद्यावर न्यायचाय,” आप्पा म्हणाले.

आप्पा, म्हणजे हणमंत येसबा डांगे, आमच्या तालुक्याच्या गावात नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं पाणी सोडायच्या कामावर होते. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडायचे आणि मिटायचे. त्या चावीनं उजवा खांदा कायमचा कामातून गेला होता. म्हणून लॅपटॉप घेताना त्यांनी फक्त वजन बघितलं. घरातून नगरपरिषदेपर्यंत रोज पिशवीत घालून नेता आला पाहिजे, एवढी एकच अट.

तो न्यायचा कशाला, ते सांगितलं पाहिजे. आमच्या गावाला चौथ्या दिवशी पाणी येतं. गाव चढावर वसलेलं. खालच्या कुंभारवाड्याचा व्हॉल्व्ह आधी उघडला तर वरच्या गल्लीला थेंब मिळत नाही. वरच्या गल्लीला आधी सोडावं तर जुनी लाइन फुटते. टाकीत किती फूट पाणी आहे, त्यावरून कुठला व्हॉल्व्ह आधी, किती आटे फिरवायचे आणि किती मिनिटांनी दुसरा, हे ठरतं. हे गणित कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते आप्पांच्या डोक्यात होतं, आणि डोकं निवृत्त होऊन घरी बसलं होतं. त्यांच्या जागी आलेला दिलावर मुल्ला कष्टाळू होता, पण वरच्या गल्लीतल्या बायका दर पाळीला रिकाम्या घागरी घेऊन त्याच्या नावानं शंख करत होत्या. पाणीपुरवठ्याच्या नव्या इंजिनिअर खराडे मॅडम एकदा आप्पांना सहज म्हणाल्या, “काका, तुमच्या डोक्यातलं हे कॉम्प्युटरमध्ये उतरवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.” मॅडम बोलून विसरल्या असतील. आप्पांनी ते मनावर घेतलं. मोबाइलवर कुठल्याशा मास्तरांचे मराठीतले धडे बघून त्यांनी पायथन ही कॉम्प्युटरची भाषा काय असते ते शोधून काढलं आणि वयाच्या साठाव्या वर्षी लॅपटॉप आणला. आता माझं काम एवढंच होतं, की त्यावर प्रोग्रॅम लिहायची सगळी व्यवस्था लावून द्यायची.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होतो. हे काम मला अर्ध्या तासाचं वाटलं. रविवार होता आणि चारची पुण्याची गाडी मला पकडायची होती.

बसलो दहाला. साडेबाराला तिथंच बसलो होतो. त्या लॅपटॉपची निम्म्याहून जास्त जागा त्याच्या स्वतःच्याच पसाऱ्यानं खाल्लेली. एक वस्तू घालायला गेलो की दुसरीला जागा नाही. जागा केली की तो स्वतःहून काहीतरी नवीन उतरवून घ्यायचा आणि परत भरायचा. लिहायचा एडिटर उघडला की पंखा नसलेलं ते यंत्र गरम होऊन नुसतं बघत बसायचं. आप्पा शेजारी खुर्ची ओढून, मांडीवर वही घेऊन बसलेले. मी एक बटण दाबलं की ते वहीत लिहायचे.

“आता काय केलंस?”

“आप्पा, हे तुम्हाला लिहायची गरज नाही. हे एकदाच करायचं असतं.”

“तरी सांग. उद्या अडलं तर?”

“अडलं तर मी आहे की.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. दोन मिनिटांनी परत काढलं. “ते लाल अक्षरात काय आलं?”

“जागा नाही म्हणतंय.”

“मग काय जुनं काढून टाकायचं का?”

“आप्पा, मला जरा करू द्या.”

माझा आवाज चढला होता. आई पोह्यांची ताटली ठेवायला आली, ती माझ्याकडं न बघता परत गेली. आप्पा उठले, बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो.

दोन वाजता मला युक्ती सुचली. तेव्हा मी नोकरीशिवाय थोडं बाहेरचं काम करायचो आणि त्यासाठी एक सर्व्हर भाड्यानं घेतलेला होता, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरवरची थोडी जागा. त्यातच आप्पांना एक कोपरा करून दिला. सगळं लिहिणं, चालणं, साठवणं तिकडं. या लॅपटॉपनं फक्त खिडकीसारखं तिकडचं दाखवायचं. पडद्यावर एक चित्र ठेवलं, त्याला नाव दिलं ‘पाणी’. चित्रावर टिचकी मारली की काळी खिडकी उघडायची आणि आप्पांची जागा समोर. नेट तेवढं चालू पाहिजे. पळालं ते झकास. हलक्या मशीनवर यापेक्षा शहाणपणाचा उपाय दुसरा नव्हता, आजही मी हेच म्हणेन. उपायात चूक नव्हती.

आप्पांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी जपून एक ओळ टाइप केली. पडद्यावर उत्तर आलं. ते इतके हसले, की त्यांच्या पानानं रंगलेल्या दाढा मला दिसल्या.

“आता ह्यात हाय न्हवं सगळं?” त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला. “मी लिवलेलं ह्यातच ऱ्हाणार?”

सव्वातीन झाले होते. सर्व्हर म्हणजे काय, लांब म्हणजे कुठं, भाडं म्हणजे काय, हे सगळं सांगायला बसलो असतो तर गाडी चुकली असती. आणि यांच्या डोक्यावरून जाणार, असं मी त्यांना न विचारताच ठरवून टाकलं.

“हो आप्पा,” मी म्हणालो. “यातच आहे.”

त्यानंतर अडीच महिने दर रविवारी फोन यायचा. आधी आई दोन मिनिटं बोलायची, मग फोन आप्पांकडं जायचा.

“काय रं, एखादी गोष्ट खरी आसंल तरच पुढची कर, हे कसं सांगायचं?”

मी सांगायचो. कानाला फोन लावून, हातानं माझं दुसरं काम करत सांगायचो. पहिल्या महिन्यात ते प्रत्येक ओळ आधी वहीत लिहायचे आणि मग टाइप करायचे. एकदा मीच चिडवलं, “आप्पा, कॉम्प्युटर असताना वहीत लिहिणारे जगात तुम्ही एकटेच असाल.” ते फोनवर खूप हसले. पुढच्या रविवारी म्हणाले, “वही बंद केली. आता डायरेक.” त्यांच्या आवाजात अभिमान होता.

दहाव्या रविवारी त्यांनी मला प्रोग्रॅम वाचून दाखवला. “ऐक हं. टाकी अकरा फूट घातलं. तर काय म्हणतंय बग. आधी माळी गल्ली, चार आटे, ईस मिन्टं. मग कुंभारवाडा निम्मा. मग वरची गल्ली पूर्ण. बरोबर हाय. अकरा फुटाला मी असंच करत हुतो. आता सात फूट घालतो, थांब.”

“वा,” मी म्हणालो. मी तेव्हा एका मेलला उत्तर लिहीत होतो. सात फुटाला काय आलं ते मी ऐकलं नाही.

“मॅडमनी पुढच्या सोमवारची तारीख दिलीया. मुख्याधिकाऱ्यांच्या कानावर घालणार हाईत. दिलावरला पाण्याच्या दिवशी सकाळी टाकी बगून नुसता आकडा घालायचा. बास. मग कुणी त्याच्या नावानं बोंबलणार न्हाय.”

“तुम्ही कमाल केलीत,” मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

गुरुवारी दुपारी ऑफिसात फोन आला. आप्पा कामाच्या वेळी कधी फोन करायचे नाहीत.

“सुहास, कामात हाईस?”

“बोला.”

“ते पाण्याचं चित्र उघडंना झालंय. टिचकी मारतो, खिडकी येती, काहीतरी इंग्रजीत लिवून जाती. नेट हाय. शेजारच्यांचा मोबाइल लावून बगितला.”

“काय लिहिलंय ते वाचा बघू.”

त्यांनी एकेक अक्षर वाचलं. चौथ्या शब्दाला मी खुर्चीतून उठलो.

माझं बाहेरचं काम त्या महिन्यात संपलं होतं. सर्व्हर रिकामा पडला होता. नको असलेली वस्तू कशाला ठेवायची म्हणून मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता मी तो बंद करून टाकला होता. ‘सर्व माहिती कायमची पुसली जाईल, नक्की?’ असं त्यानं विचारलं होतं. मी नक्की म्हटलं होतं. त्यात आप्पांचा कोपरा आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. अडीच महिन्यांत मी तिथं एकदाही डोकावलो नव्हतो.

हे सगळं मला तिथं, फोन कानाला असताना, लख्ख कळलं. आणि तोंडातून निघालं ते हे:

“आप्पा, तुम्ही काही दाबलंत का?”

आमच्या धंद्यात हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो. कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न हाच. तो सवयीनं आला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण सवयीनं आलेला शब्द माणूस पुढच्या श्वासात मागं घेऊ शकतो. मी घेतला नाही.



“दाबलं आसंल,” आप्पा म्हणाले. “हातनं काय झालं आसंल बग. बोटं जाड हाईत माजी.”

“मी बघतो. शनिवारी येतो.”

“सगळं गेलंय का रं?”

“बघतो, आप्पा.”

फोन ठेवून मी सर्व्हरवाल्यांना लिहिलं, विनवण्या केल्या. संध्याकाळी त्यांचं दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. पुसलेलं परत मिळणार नाही.

शनिवारी घरी पोचलो तेव्हा डोक्यात ठरवून आलो होतो, की सांगायचं. गाडीत बसून वाक्यं जुळवली होती. दारात चपला काढतोय तोवर आप्पा आतून एक फुलस्केप कागद घेऊन आले. दोन्ही बाजूंनी भरलेला.

“मंगळवारपासनं काय काय केलं ते आठवून आठवून लिवलंय,” ते म्हणाले. “लाइन फुटली की आमी असंच करायचो. कुठला व्हॉल कधी फिरवला, ते वळीनं लिवायचं. मग चूक सापडती. ह्यात माजं कुठं चुकलं ते दाखव.”

मी कागद घेतला. ‘मंगळवार. सकाळी ९.१०, बटण चालू केले. ९.१५, पाणीवर एक टिचकी. खिडकी आली. ९.४०, सात फुटाचे तपासले, बरोबर. १०.०५, हिने हाक मारली म्हणून झाकण तसेच मिटले व गेलो.’ असं गुरुवारपर्यंत. मंगळवारी सकाळी दहा पाचनंतर गुरुवारपर्यंत त्यांनी लॅपटॉप उघडलाच नव्हता. बुधवारी भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. त्या कागदात एकही चूक नव्हती. इतकं बिनचूक काम आमच्या ऑफिसात कुणी करत नव्हतं.

“आप्पा, असं काही नसतं…”

“नसतं कसं? आपोआप काय जात न्हाय. तू सगळं करून दिलंवतंस, अडीच म्हैनं चाललं. म्हंजे माज्याच हातनं काहीतरी झालं. कुठं ते कळू दे. न्हायतर मी परत तेच करीन.”

ते माझ्यासमोर वाकून उभे होते, हातात लाल पेन. आई दारात पदराला हात पुसत उभी. हीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, की ते यात कधी नव्हतंच, आप्पा. मी तुम्हाला तेव्हाही खोटं सांगितलं आणि मंगळवारी मीच पुसलं. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण हे म्हटलं की पुण्याचा हुशार सुहास संपणार होता. ज्याच्याबद्दल आप्पा कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे तो. मला तो हवा होता.

मी कागदावर बोट ठेवलं. कुठं ठेवायचं ते ठरवलंसुद्धा नव्हतं. ते पडलं ‘झाकण तसेच मिटले’ यावर.

“हे,” मी म्हणालो. “खिडकी बंद न करता झाकण मिटलंत ना. त्यानं झालं असेल.”

आप्पांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. सावकाश, पट्टीनं ओढावी तशी सरळ.

“मीच हाक मारली हुती,” आई म्हणाली. “गॅस संपला हुता. मी जरा थांबले आसते तर काय बिगडत हुतं.”

“तुजं काय न्हाय त्यात,” आप्पा म्हणाले. “मिटलं मी.”

“मी बसतो आज,” मी घाईघाईनं म्हणालो. “तुम्ही सांगा, मी लिहितो. उद्यापर्यंत सगळं परत उभं करू.”

आप्पांनी मान हलवली. “नको. त्ये तुजं हुईल. मला आता भ्या वाटतंय त्याचं. एवढुसं झाकण मिटलं तर सगळं गेलं. उद्या दिलावरच्या हातनं असंच झालं आन् गावाचं पाणी बिगडलं, तर?”

मी पुष्कळ समजावलं. जितकं समजावलं तितका माझा आवाज खोटा होत गेला, आणि ते मलाच ऐकू येत होतं.

सोमवारी मी रजा घेतली आणि त्यांच्याबरोबर नगरपरिषदेत गेलो. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. लॅपटॉप घरीच ठेवला होता, कागद मात्र खिशात. खराडे मॅडमच्या खोलीत दिलावर आधीच येऊन उभा होता. मॅडमनी आमच्यासाठी चहा मागवला.

“काका, आणलंत का? साहेबांना मी बोलून ठेवलंय.”

“न्हाय आणलं, मॅडम. माज्या हातनं गेलं,” आप्पा उभे राहूनच म्हणाले. “झालंवतं सगळं. मुलानं येवस्थित करून दिलंवतं, त्याची काय चूक न्हाय. मंगळवारी मी खिडकी बंद न करता झाकण मिटलं. त्यात गेलं.” त्यांनी कागद काढून मॅडमपुढं ठेवला. “हे बगा. लाल केलंय.”

मॅडमनी कागद वाचला. मग माझ्याकडं बघितलं.

“झाकण मिटल्यानं सगळं जातं का हो?” त्यांनी विचारलं. “मी तर रोज तसंच मिटते.”

त्यांनी सरळ मनानं विचारलं होतं. दिलावर माझ्याकडं बघत होता. आप्पासुद्धा बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगतो. आशा होती. मुलगा आता म्हणेल, की नाही, यानं जात नाही, दुसरंच काहीतरी कारण असेल.

“हलक्या मशीनमध्ये होतं कधी कधी,” मी म्हणालो.

“अच्छा,” मॅडम म्हणाल्या. मग आप्पांकडं वळल्या. “काका, जाऊ द्या. कॉम्प्युटर नाही तर नाही. तुम्ही नुसतं तोंडी सांगा, दिलावर लिहून घेईल. टाकी सात फूट असली तर काय करायचं?”

आप्पांना हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. त्यांनी तोंड उघडलं. माळी गल्ली, एवढं म्हणाले आणि थांबले.

“नको, मॅडम,” ते म्हणाले. “माज्या सांगण्यावर आता नको. मला वाटत हुतं मला येतंय. हितं एवढं चुकलं ते मला कळलंसुदिक न्हाय, मुलानं दाखवलं म्हणून कळलं. चौतीस वर्सांत बी असंच काय काय चुकलं आसंल. लोकं चांगली, बोलली न्हाईत.”

“अवो चाचा, असं काय बोलता,” दिलावर म्हणाला. “तुमच्या टायमाला वरच्या गल्लीत कधी बोंब नव्हती.”

“आसंल तुजं म्हणणं,” आप्पा म्हणाले आणि टेबलावरचा कागद घडी करून खिशात ठेवला.

चहा आला. मी तो पूर्ण प्यालो. निघताना मॅडम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “वडिलांना सांभाळून घ्या. या वयात मनाला लागतं. तुम्ही रजा काढून बरोबर आलात, बरं केलंत.” मी हो म्हणालो.

त्यानंतर आप्पांनी तो लॅपटॉप उघडला नाही. दिलावर अधूनमधून घरी यायचा, टाकी इतकी आहे, काय करू म्हणून विचारायचा. ते म्हणायचे, मॅडमना इचार. वरच्या गल्लीत अजून बोंब आहे.

सात वर्षांनी मी त्यांना सांगितलं. एवढा उशीर का? भित्रेपणाला रोज एक नवीन कारण सापडतं, एवढंच म्हणता येईल. दिवाळीला घरी गेलो होतो. आप्पा कट्ट्यावर ऊन खात बसले होते. खांदा आता पारच गेला होता, सदऱ्याची बाही आई घालून द्यायची. मी शेजारी बसलो आणि काही न लपवता सगळं सांगितलं. सर्व्हर, मंगळवार, डबा खाता खाता म्हटलेलं ‘नक्की’, आणि कागदावर कुठंही ठेवलेलं बोट. सांगताना मला रडू आलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं माझी पाठ थोपटली.

“ऱ्हाऊ दे रं,” ते म्हणाले. “एवढं कशाला मनाला लावून घेतोस. झालं गेलं. माजी चूक मला म्हाईत हाय.”

“आप्पा, मी खरं सांगतोय. तुमची चूक नव्हतीच.”

“व्हय, व्हय,” ते म्हणाले. लहानपणी ताप असताना मी काहीबाही बोलायचो, तेव्हा याच आवाजात ते व्हय व्हय म्हणायचे.

संध्याकाळी मी आत कपडे बदलत होतो, तेव्हा ते स्वयंपाकघरात आईशी बोलत होते.

“पोरगं गुणाचं निगालं,” आप्पा आईला सांगत होते. “मला बरं वाटावं म्हणून माजी चूक आपल्या आंगावर घ्यायला बसलंय.”

“बापाला जपतंय,” आई म्हणाली. “अशी पोरं कुणाला मिळत्यात.”

मी सदऱ्याची बटणं लावली आणि बाहेर जाऊन त्यांच्या पंगतीला बसलो. आप्पांनी आपल्या ताटातली करंजी उचलून माझ्या ताटात ठेवली.